गोधडीखालचा लॅपटॉप

लॅपटॉप तापतो म्हणून दुकानात येणाऱ्या माणसाला मी आधी एकच गोष्ट विचारते, "कुठं ठेवून वापरता?" पहिल्या झटक्यात खरं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचाय. सगळे म्हणतात, टेबलावर. आणि टेबलावर म्हणणाऱ्याच्याच लॅपटॉपच्या बुडातून गोधडीचे दोरे निघतात, बाजेच्या सुतळीचा भुसा निघतो, एकदा तर शेंगदाण्याची फोलपटं निघाली. मी चिमट्यानं एकेक दोरा काढते आणि समोर कागदावर मांडून ठेवते. मग गिऱ्हाईक आपण होऊनच म्हणतं, "हां, कधीमधी पलंगावर घेतो जरा."

तीर्थपुरीत माझं दुकान आहे. म्हणजे आमच्या ह्यांचं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि त्याच्या निम्म्या भागात माझं टेबल. बाहेर पाटी दोघांचीही आहे, पण नवीन माणूस आला की थेट ह्यांच्यापुढं लॅपटॉप ठेवतो. हे मान वर न करता माझ्याकडं बोट दाखवतात. माणूस माझ्याकडं बघतो, परत ह्यांच्याकडं बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कव्हा येणार?" पूर्वी मला राग यायचा. आता मी म्हणते, "मिस्त्री आलेत, चहा पिऊन राह्यलेत," आणि कपातला चहा निवांत संपवून मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलते.

हात मला वडिलांकडून मिळाला. ते जालन्यात रेडिओ दुरुस्त करायचे. मला भाऊ नव्हता, त्यामुळं सोल्डरिंगची कांडी धरायला मीच असायचे. लग्न होऊन इकडं आले तेव्हा सासरच्यांना वाटलं, पोरगी नुसती शिवणकाम जाणते. महिन्याभरात मी त्यांचा बंद पडलेला टीव्ही चालू केला, आणि त्यानंतर गल्लीतले सगळे मुके रेडिओ आमच्या ओट्यावर येऊन बसले. रेडिओचे टीव्ही झाले, टीव्हीचे कॉम्प्युटर झाले, आणि आता टेबलावर लॅपटॉपशिवाय दुसरं काही नसतं. त्यातही दहात सात तापणारे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण तापण्याची भानगड तशी सोपी आहे. लॅपटॉपच्या पोटात एक चिप असते, सगळं डोकं तीच चालवते आणि डोकं चालवताना तापते. तिच्यावर तांब्याची एक चपटी नळी दाबून बसवलेली असते. ती नळी उष्णता कडेला नेते, कडेला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि जाळीला चिकटून छोटा पंखा. पंखा खालून गार हवा ओढतो आणि जाळीतून गरम हवा बाहेर फेकतो. चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक करड्या रंगाची पेस्ट लावतात, म्हणजे दोघांमध्ये फट राहत नाही. ही पेस्ट वर्षा-दोन वर्षांत वाळते. तेवढीच सगळी विद्या. खालून हवा घ्यायला जागा पाहिजे, कडेनं टाकायला जागा पाहिजे, जाळी मोकळी पाहिजे आणि पेस्ट ओली पाहिजे. चुलीचं धुराडं बुजवलं तर घरात धूर होणारच, त्यात चुलीचा काय दोष?

आणि फार तापला की लॅपटॉप आपला आपण बंद पडतो. लोक त्याला बिघाड म्हणतात. मी त्याला शहाणपणा म्हणते. बंद पडला नसता तर जळाला असता.

आता आपल्याकडच्या माणसांच्या तऱ्हा. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. नांगर, विळा, पाना, शिवणयंत्र, आणि आता लॅपटॉप. माझी स्वतःची त्याला ना नाही, मी माझ्या स्क्रू-ड्रायव्हरचीही करते. पण कोणीतरी असं पसरवून दिलं की मशीन चालू असतानाच पूजा पावते, बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या देवाला नैवेद्य. झालं. दाखले काढून देणारे एक गृहस्थ दसरा झाल्यावर मशीन घेऊन आले. मी खालचं झाकण काढलं तर आत जणू पूजेचं ताट. पंख्याच्या पात्यांना कुंकू, जाळीत हळद, झेंडूच्या पाकळीचे तुकडे आणि वरून धुपाची काजळी. चालू पंख्यानं सगळं भक्तिभावानं आत ओढून घेतलं होतं. मी म्हणलं, "दादा, तुमची पूजा पोचली." ते म्हणाले, "ताई, दुसऱ्या दिवसापासून लई गरम होऊन राह्यलं. आम्हाला वाटलं, देवीचं तेज आलं." तेव्हापासून दसऱ्याच्या आधी मी दुकानाबाहेर पाटीच लावते: मशीन बंद करून पूजा करा, कुंकू झाकणाला बोटानं लावा, शिंपडू नका. वाचतात सगळे, ऐकतात थोडे. दसऱ्यानंतरचा आठवडा माझा सुगीचा असतो.

शिकवणी घेणाऱ्या एका सरांनी लॅपटॉपला गार ठेवायला कूलरच समोर लावला. उन्हाळाभर लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी. गार राहिला, खोटं कशाला बोलू. पण कूलरची हवा ओली, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात किती क्षार आहेत ते घरातल्या बादलीला विचारा. मी मशीन उघडलं तेव्हा आतल्या सर्किटच्या पट्टीवर पांढरी खपली चढलेली आणि चिपच्या बारीक पायांना हिरवा गंज. सर म्हणाले, "पण तापत तर नव्हता." मी म्हणलं, "सर, विहिरीत टाकला असता तरी तापला नसता." ते रागावून गेले. चार दिवसांनी परत आले, कारण जाणार कुठं?

जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणारे रफिकभाई हे माझं लाडकं गिऱ्हाईक. कापसाचा हंगाम आला की त्यांच्या केबिनमध्ये हवेतच कापूस उडतो. पहिल्यांदा त्यांचा लॅपटॉप उघडला तर जाळीवर कापसाचा बोटभर जाड नमदा, घोंगडीसारखा. सोलून काढला तर सलग निघाला. पुढच्या वर्षी रफिकभाईंनी अक्कल लढवली आणि मशीनला मलमलचं फडकं शिवून घातलं, कापूस आत जाऊ नये म्हणून. आले ते फडक्यासकट. "ताई, इसका दम घुट राह्यलाय," म्हणाले. मी म्हणलं, "भाई, तोंडाला चादर बांधून झोपून बघा एक रात, मंग मला सांगा." ते इतके हसले की आमचे हेही वहीतून वर बघून हसले. मग मी त्यांना लॅपटॉप दाराकडून उचलून केबिनच्या मागच्या भिंतीला, उंच फळीवर ठेवायला लावला आणि हंगामात महिन्याला एकदा घेऊन या म्हणलं. ते न चुकता येतात, आणि येताना भजी घेऊन येतात.

सगळीच मशीनं काही वाचत नाहीत. एका ट्रॅक्टर मिस्त्रीनं आपल्या लेकीच्या लॅपटॉपला स्वतःच पेस्ट लावली. कोणती? ट्रॅक्टरचं ग्रीस. "त्या पेस्टला ग्रीसच म्हणतेत, आन् ग्रीस ते ग्रीस," म्हणाला. चिप, पट्टी, पंखा, सगळं चोपडून काढलं होतं बिचाऱ्यानं, मन लावून. मी दोन दिवस पुसत बसले, पण चिप गेली होती. ती मुलगी टेबलापाशी उभी राहून मला म्हणाली, "पप्पाला सांगू नका गेलं म्हणून, त्यांना वाईट वाटंल." तिचं सगळं काम त्यात होतं आणि ती बापाची काळजी करत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अजूनही ट्रॅक्टर दारावरून गेला की ती पोरगी आठवते.

पण मला सांगायचंय ते पल्लवीचं. पल्लवी ही कुंभार पिंपळगावच्या अलीकडं मळ्यात राहणाऱ्या गणेशची बायको. गणेशची मोसंबीची बाग आहे, आणि पल्लवी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. लग्नाच्या बोलणीत तिच्या बाजूनं एकच अट होती, नोकरी सोडणार नाही. गणेशनं मान्य केली, त्याच्या वडलांनीही हो म्हणलं. लग्न झालं, मळ्यात इंटरनेट आलं, सगळं सुरळीत. आणि मग लॅपटॉप बंद पडायला लागला.

पहिल्यांदा गणेश घेऊन आला. मी उघडला, जाळी साफ केली, नवी पेस्ट लावली, आणि दिवसभर दुकानात जड काम लावून चालवला. गार. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन, "ताई, दुपारी पुन्हा बंद पडला." परत आणला. परत तपासला, पंखाच बदलून टाकला, दोन दिवस माझ्या टेबलावर ठेवला. एकदाही हूं की चूं नाही. घरी नेला आणि दुपारी बंद. मला माझ्या हाताचा घमंड आहे, मी लपवत नाही. असं दोनदा झाल्यावर माझंच डोकं तापलं.

तिसऱ्यांदा पल्लवी स्वतः आली, गणेशच्या मोटारसायकलवर मागं बसून. सडपातळ पोरगी, ओढणी नीट घेतलेली, आवाज बारीक. मी नेहमीचं विचारलं, "कुठं ठेवून वापरती?" ती म्हणाली, "टेबलावर." मी खालचं झाकण काढलं. पंख्यात लाल आणि हिरवे दोरे, जुन्या लुगड्याचे, गोधडीला असतात तसे. मी कागदावर मांडले. तिनं ते बघितले आणि खाली बघायला लागली. गणेश बाहेर रस्त्याकडं बघायला लागला. मला तिथंच कळलं की दोघांनाही काहीतरी माहीत आहे आणि दोघंही बोलणार नाहीत.

गणेश पेट्रोल भरायला गेला तेव्हा ती म्हणाली, "काकू, बुधवारी तीन वाजता मीटिंग हाय. बाहेरच्या देशातली माणसं राहतेत, मलाच बोलायचंय त्यात. मागच्या दोन टायमाला मी मधीच गायब झाले. मॅनेजर म्हणले, या टायमाला बंद पडलं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा, न्हाई तर सोडा." मग तिचे डोळे भरून आले. "गणेशला बाग सोडून येता येत न्हाई. मंग मी काय करू? त्याला सोडून पुण्याला राहू, का नोकरी सोडून इथं राहू?"

मी तिला पाणी दिलं आणि म्हणलं, "बुधवारी मी येते घरी. मशीनला काही झालेलं न्हाई, ते तुझ्या घरी काय करतं ते मला बघायचंय."

माझ्या धंद्यात बाई असण्याचा हा एक फायदा आहे. पुरुष मिस्त्री गेला असता तर त्याला बैठकीत बसवून चहा दिला असता आणि लॅपटॉप आतून आणून त्याच्यापुढं ठेवला असता. मला थेट माजघरात नेतात. आणि लॅपटॉपचं दुखणं बैठकीत कधीच दिसत नाही.

बुधवारी दुपारी मी मळ्यात पोचले. बाहेर ओसरीत बाजेवर पल्लवीचे सासरे बसलेले, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पांढरी टोपी, ताठ पाठ, बोलणं कमी. तिच्या सासूबाई, अक्का, आत चुलीपाशी होत्या. गणेश बागेत पाणी द्यायला गेला होता. बैठकीत मला एक नवंकोरं टेबल दिसलं आणि त्याच्याजवळ हात टेकवायच्या दांड्यांची खुर्ची. टेबलावर अण्णांच्या गोळ्या, चष्मा आणि घडी केलेले कपडे. "गणेशनं आणलं हे तिच्यासाठी," अक्का म्हणाल्या, "पण ती बसत न्हाई त्याच्यावर. समजदार हाय पोरगी."

पल्लवी बसायची माजघरात, खाली, गोधडीवर. बैठकीतून स्वयंपाकघरात जायची वाट त्या माजघरातूनच. कानाला हेडफोन लावून ती कामाला बसली, मी कोपऱ्यात लसूण सोलायचं नाटक करत बसले. थोड्या वेळानं बैठकीकडून खाकरल्याचा आवाज आला. आपल्याकडं मोठी माणसं घरात येताना खाकरतात, सुनांना डोक्यावर पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत पल्लवीनं लॅपटॉपचं झाकण लावलं, तो गोधडीच्या घडीखाली सरकवला, ओढणी डोक्यावर घेतली आणि भिंतीला लागून उभी राहिली. अण्णा खाली बघत आले, रांजणाजवळ गेले. आतून अक्कांनी तांब्या दिला. पाणी पिऊन अण्णा तसेच परत गेले. ती पुन्हा बसली, गोधडीखालून लॅपटॉप काढला, उघडला. तो चालूच होता.

मी जवळ जाऊन विचारलं, "झाकण लावल्यावर मशीन झोपत न्हाई का?"

"मी सेटिंग बदललीय," ती म्हणाली. "झाकण लावलं की मीटिंग तुटायची. आता तुटत न्हाई. हेडफोनमधी ऐकू येतं, फक्त बोलता येत न्हाई."

एवढ्यात परत खाकरणं. परत झाकण, गोधडी, ओढणी. अण्णा गोळीवर पाणी प्यायला आले. मग हात धुवायला. मग घड्याळ बघायला. दुपारी म्हातारं माणूस घरात फिरणारच, त्याचंच घर आहे. ते गेल्यावर मी गोधडीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. पापड भाजून निघाला असता. वरून गोधडी, खालून गोधडी, मध्ये चालू मशीन. पंखा बिचारा आपलीच गरम हवा परत परत ओढत होता. त्यानं बंद पडायचं नाही तर करायचं काय?

"खुर्चीवर काहून बसत न्हाई?" मी विचारलं.

"अण्णांसमोर खुर्चीत कशी बसू, काकू? अक्का बी कधी बसल्या न्हाईत."

"कोणी म्हणलं का बसू नको?"

ती विचारात पडली. "कोणी म्हणलं न्हाई."

मला खरंच संताप आला. कोणावर, ते मला तेव्हाही कळलं नाही. चार माणसांचं घर, कोणी वाईट नाही, कोणी कोणाला अडवलेलं नाही, आणि पोरीची नोकरी गोधडीखाली भाजून निघत होती. अडीच वाजून गेले होते. मी उठून ओसरीत गेले आणि अण्णांसमोर उभी राहिले.

"अण्णा, बिघाड सापडला. मशीन बराबर हाय. तुम्ही खाकरले की सूनबाई ते चालू मशीन गोधडीखाली घालती आन् उठून उभी राहती. आत ते भाजून निघतं आन् बंद पडतं. दोनदा मीटिंगमधी असंच झालं. आता तीन वाजता बंद पडलं तर तिची नोकरी जाणार."

अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. मी मनातल्या मनात भांडायची तयारी केली. आणि ते म्हणाले, "मंग मी कोठून येत जाऊ?"

मी वळून माजघराच्या दाराकडं बघितलं.

"मागल्या दारानं येत जातो," ते म्हणाले. "गोठ्यातून. तिकडून आलो तर माजघर लागत न्हाई." त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं. घरचा मालक आपल्याच घरात गोठ्यातून यायला तयार होता.

"तुम्ही पुढल्या दारानंच या," मी म्हणलं. "फक्त तिला खुर्चीत बसू द्या."

दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय बोलता ताई तुम्ही," त्या म्हणाल्या. "सासरा उभा आन् सून खुर्चीत? पाव्हणेरावळे आले तर काय म्हणतील? तिचं नाव खराब हुईल. आमचं जाऊ द्या, तिचं."

अण्णा बाजेवरून उठले, चपला घातल्या आणि बागेकडं निघून गेले. हो नाही, ना नाही.

मी कोणाच्या होकाराची वाट बघत बसले नाही. मी मिस्त्री आहे, मशीन चालू करून देणं माझं काम. टेबलावरच्या गोळ्या आणि कपडे उचलून फळीवर ठेवले, टेबल ओढत माजघरात खिडकीपाशी नेलं, खुर्ची लावली. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याच्या मागच्या बाजूला दोन बाटल्यांची बुचं लावली, खालून हवा खेळायला. आणि एक काम आणखी केलं. झाकणाची सेटिंग पहिल्यासारखी केली.

"आता झाकण लावलं तर मीटिंग तुटणार," मी तिला म्हणलं. "ध्यानात ठेव."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मला तिची दया आली. पण मी सेटिंग परत बदलली नाही. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, उठायच्या तयारीत. तीन वाजले. स्क्रीनवर तोंडं दिसायला लागली, तिकडून कोणी बोलायला लागलं, मग तिचं नाव घेतलं. तिनं बोलायला सुरुवात केली. इंग्रजी मला तोडकंमोडकंच कळतं, पण आवाज कापत होता हे कळायला इंग्रजी लागत नाही. मी टेबलाशेजारी उभी राहून मशीनच्या कडेला तळहात धरला होता. हवा मोकळी येत होती, कोमट.

आणि बैठकीकडून खाकरल्याचा आवाज आला.

तिचं वाक्य मध्येच तुटलं. हात झाकणावर गेला. मी काहीच केलं नाही, करण्यासारखं माझ्या हातात काही उरलंच नव्हतं. अण्णा दारात आले. ती अर्धी उठली, हेडफोनची वायर ताणली गेली, तिकडून कोणीतरी तिचं नाव दोनदा घेतलं. अण्णांनी हात पुढं केला, तळवा खाली करून, आणि हळूच म्हणाले, "बस."

उभं राहावं की बसावं या घोळात ती तशीच वाकलेली.

"बस, बाई. बसून बोल."

ती बसली. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. खोलीत खुर्ची एकच. मग ते भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसले, पाय दुमडून, टोपी नीट करून, तिच्या खुर्चीसमोर. पल्लवीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि स्क्रीनकडं बघून बोलायला लागली. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. पुढं पुढं तर ती हात हलवून बोलायला लागली, तिकडची माणसं विचारतायत आणि ही उत्तरं देतीय. अण्णा तिच्याकडं टक लावून ऐकत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण मान हलवत होते. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या, हात पिठाचे. नवरा खाली, सून वर. त्यांचा चेहरा बघायची मला हिंमत झाली नाही.

मीटिंग संपली. मशीन कोमट होतं, त्याच्या वर गेलं नाही. पल्लवीनं हेडफोन काढले.

"बंद पडलं न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अण्णा."

"काय म्हणले ते?"

"म्हणले, चांगलं झालं. पुढच्या बुधवारी परत मलाच सांगायचंय."

"मंग ठीक हाय," अण्णा म्हणाले आणि गुडघ्याला हात लावून बसूनच राहिले. पल्लवी उठली आणि तोंडावर पाणी मारायला मागं गेली. रडत होती, पण ते वेगळं रडणं होतं.

मी माझा चिमटा, स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात अक्का हात पुसत माजघरात आल्या. खुर्चीजवळ थांबल्या. दांडीवरून बोटं फिरवली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सावकाश, दोन्ही दांड्यांना धरून, खुर्चीत बसल्या. खाली भिंतीला टेकलेल्या अण्णांनी वर बघितलं. दोघांची नजर भेटली आणि अक्कांनी ती माझ्याकडं वळवली.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे मशीन चालू असलं तरच बसायचं असतंय का हितं?"

"न्हाई अक्का," मी म्हणलं. "बंद असलं तरी बसता येतं."

त्या जरा मागं सरकल्या आणि पाठ टेकली. मला डोळ्यांतलं पाणी आवरेना, म्हणून मी पिशवीत तोंड घालून उगीच काहीतरी शोधत राहिले.

"ताईला चहा टाका की," अण्णा सवयीनं म्हणाले.

अक्कांचे हात दांड्यांवर गेले, उठायला. पण त्या उठल्या नाहीत.

"टाकते," त्या म्हणाल्या. "जरा बसू द्या."